यंदा उतरवायचा की बसवायचा

गुलाब, तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या उठावण्याला मस्तगडातल्या तुमच्या घरात माणसं मावली नाहीत. जिन्यावर, ओट्यावर, समोरच्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. एकेक जण उठून तुझ्याविषयी चार शब्द बोलत होता. तुझे थोरले भाऊ माझ्याकडे बघून दोनदा म्हणाले, "दत्तूभाऊ, आप भी कुछ बोलो." मी उठलो नाही. लोकांना वाटलं, याला रडू आवरत नाही. तसं नव्हतं. आपला वाद अर्धा राहिला आहे, आणि वाद चालू असताना समोरच्या बाजूच्या माणसाची स्तुती करायला उभं राहणं मला जमत नाही. म्हणून हे लिहितो आहे. यात स्तुती फार नाही.

वाद कशाचा होता हे तुला सांगायला नको. पण हे आणखी कुणी वाचतील, त्यांच्यासाठी मांडतो. माझा भाचा भानुदास परतूरकडच्या खेड्यातून यंदा आपल्या कॉलेजात आला आणि माझ्या घरी राहिला. वय सतरा, उंची सहा फुटांच्या वर, आणि ती अजून थांबलेली नाही. बास्केटबॉलच्या संघात तो पहिल्या पाचांत असणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. संघाला शिकवणारा तू, आणि तू म्हणालास, यंदा हा सराव सगळा करील, सामना एकही खेळणार नाही. विद्यापीठाच्या नियमानं खेळाडूला चारच वर्षं मिळतात. एक सामना जरी नावावर लागला तरी ते वर्ष खर्ची पडतं. तुला ते वर्ष राखून ठेवायचं होतं, मला ते खर्च करायचं होतं. पालक म्हणून सही माझी लागायची, म्हणून माझ्याशी बोलल्याशिवाय तुला पुढं जाता येत नव्हतं.

माझं मैदानावर मुळात काय काम होतं? जिनिंगमध्ये दिवसभर कापसाच्या गठाणींची वजनं मांडायची आणि घरी यायचं, एवढंच माझं चाललं होतं. तू एकदा संध्याकाळी हाताला धरून मला मिशनच्या मैदानावर नेलंस आणि टेबलापाशी बसवलंस. "तू गुण मांड, दत्तू. तुझ्यावर दोन्ही बाजूचे लोक भरोसा करतील." त्याचा पहिला पस्तावा तुलाच झाला. औरंगाबादच्या सामन्यात आपल्या हबीबनं शेवटचा चेंडू टाकला तेव्हा वेळ संपून गेली होती. पंचांनी माझ्याकडे बघितलं. तूही बघितलंस. मी मान हलवली, तो चेंडू धरला गेला नाही, आणि आपण एका गुणानं हरलो. परतीच्या गाडीत तू माझ्याकडे पाठ करून बसलास. बदनापूर गेलं तरी वळला नाहीस. जालन्याच्या फलाटावर उतरल्यावर एवढंच म्हणालास, "उद्या सहाला ये. उशीर करू नको." मला आजवर एवढा मान कुणी दिलेला नाही, गुलाब. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला तो मान वाटलाच नसेल, नेहमीचं बोलणं वाटलं असेल.

दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघं औरंगाबादला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. तुला चार पावलांत दम लागायचा. पाय सुजून जोडे होईनासे झाले होते म्हणून तू मैदानावर चपला घालून यायचास, आणि पोरांना सांगायचास, जोडा शिवायला टाकलाय. डॉक्टरांनी तुला तपासलं, सदरा घालायला लावलं आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. लहानपणी यांचे सांधे धरले होते का, असं विचारलं. मी म्हणालो, हो, एक अख्खा हिवाळा हा अंथरुणाला होता. ते म्हणाले, हृदयाची झडप तेव्हाच बिघडली, आता ते हृदय थकलं आहे. पुढची दिवाळी यांना दिसेल असं मी म्हणू शकत नाही.

मी आत आलो. तू गुंड्या लावत होतास.

"काय म्हन्ले?"

"विश्रांती घ्या म्हणाले."

"एवढंच सांगायला एवढा टाइम लागला?"

"सावकाश बोलतात ते."

तू पुढं काही विचारलं नाहीस. गाडीत खिडकीशी बसलास.  करमाड आल्यावर बाहेर बघतच म्हणालास, "भान्याला यंदा बसवायचा."

मला वाटलं, याला माहीत नाही म्हणून हा असं बोलतो आहे. पुढचं वर्ष आपल्यापाशी आहे असं धरून चालला आहे. तुझ्या हाताखालून किती पोरं गेली. पण "हा खेळाडू हाये" असं मी तुझ्या तोंडून एकट्या भानुदासविषयी ऐकलं होतं. तो सामन्यात उतरलेला तू एकदा तरी बघावास, एवढंच मला हवं होतं. आणि नेमकं तेच कारण तुझ्यापुढे काढता येत नव्हतं. म्हणून मी दुसरी कारणं जमवायला लागलो. आकड्यांची कारणं मला कधी कमी पडलेली नाहीत.

दिवाळीनंतर सराव पुन्हा सुरू झाला. त्या पहिल्या दिवशी तू पोरांना ओळीनं उभं केलंस आणि पाच नावं घेतलीस. सगळ्यात शेवटी भानुदासपाशी आलास. खांद्यावर हात ठेवायला गेलास, तो नीट पोचेना, म्हणून पाठीवर ठेवलास. "आन हा भानुदास. हा यंदा आपलं कच्चं लिंबू."

पोरं हसत सुटली. हसणारच. गल्लीत लपाछपी खेळताना कुणाचा तरी चार वर्षांचा भाऊ मागं लागतो, मोठी पोरं त्याला कच्चं लिंबू म्हणून घेतात. तो पळतो, लपतो, ओरडतो. पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो बादही होत नाही. तो खेळात असतो आणि नसतोही. तुला तेच म्हणायचं होतं, प्रेमानं म्हणायचं होतं. पण सहा फुटांच्या पोराला सगळ्यांसमोर कच्चं लिंबू म्हटल्यावर त्याला काय ऐकू जातं, हे तुझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिंगला लिंबू-मिरच्या बांधलेल्या होत्या. काम हबीबचंच. तू ते बघून हसलास, हसत हसत कडेच्या दगडावर जाऊन बसलास. पोरांना वाटलं, मास्तर हसून हसून बसले. मी टेबलापाशी बसून बघत होतो. हसणं केव्हाच थांबलं होतं, तू नुसता श्वास गोळा करत होतास. मग हात वर करून म्हणालास, "भान्या, लिंबाला धक्का न लावता टाक." त्यानं नेम धरला आणि चेंडू सरळ लिंबावर मारला. लिंबू फुटून खाली पडलं. ते त्यानं मुद्दाम मारलं होतं, हे तुलाही कळलं आणि मलाही.

रात्री तो जेवायला बसेना. त्याची मामी म्हणाली, निदान दूधभाकर खा. तो माझ्याकडे बघून बोलला, "मामा, माझ्या बरोबरीची पोरं दाढी करू राह्यली, आन मला लिंबू म्हणू राह्यले. गावात कळालं तर बाप म्हणंल, चल वापस, औत धरायला. खेळायचंच न्हाई तर मी इथं कशाला आल्तो?"

म्हणून मी मस्तगडात आलो. तू माडीवर लोडाला टेकून बसला होतास, पाय उशीवर. भाभींनी माझं तोंड बघूनच ओळखलं. "झालं का सुरू तुमचं दोघांचं? आधी चाय घ्या. नंतर ठंडी झाली म्हणून मला बोलू नका."

मी मांडायला सुरुवात केली. हबीब आणि त्याच्या जोडीचा पुढच्या वर्षी बाहेर पडणार. म्हणजे भानुदासला चेंडू आणून देणारा कुणी उरणार नाही, यंदा आहे. दुसरी गोष्ट, पोरगा दरवर्षी पास झाला तर चार वर्षांत बी. ए. होऊन बाहेर पडतो. मग तू राखलेलं वर्ष तो खेळणार कुठं आणि कुणाकडून?

"नापास होईल की एकदा," तू म्हणालास. "त्याचं अंग्रेजी बघितलं का तू?"

भाभी दाराआड हसल्या. मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं.

"मी मजाक करायला आलो नाही, गुलाब."

"मीबी मजाक करून न्हाई राह्यलो. हे बघ, औरंगाबादचे ते बाप्ये. दाढ्या-मिशांचे, एकाला तर दोन लेकरं हाइत. त्यांच्या कोपराखाली हे जाणार. त्याच्या गुडघ्याच्या वाटीखाली अंगठ्यानं दाबून बघ एकदा. हाड अजून ओलं हाये त्याचं. उंची एकदम आली, हाडाला दम न्हाई मिळाला. एकदा पडला वाकडा की झालं, मंग काठी घेऊन औत बी न्हाई धरता येणार."

"सगळ्याच पोरांचे गुडघे दुखतात."

"तू जमा-तफरीक कर. गुडघा मी बघतो."

आपण दोघं निजामाच्या शाळेत उर्दूतून गणित शिकलो. जमा म्हणजे बेरीज आणि तफरीक म्हणजे वजाबाकी एवढंच तुला आलं, भागाकार कधी आला नाही. तरी मोठेपणी प्रत्येक भांडणात ते शब्द तू माझ्याच अंगावर टाकायचास.

मग तू ते काढलंस. सांधे धरले होते त्या हिवाळ्यानंतरचं वर्ष. वैद्यांनी तुला पळायला मना केलं होतं, आणि गल्लीतल्या मोठ्या पोरांनी तुला वर्षभर कच्चं लिंबू म्हणून घेतलं. "त्या वर्षी मी सगळ्यात जास्ती खेळलो, दत्तू. बाद व्हायचं भेव न्हाई, राज्याचं भेव न्हाई. नुसतं बघायचं आन करायचं. कोण कसा पळतो, कोण कुठं चुकतो, सगळं त्या सालात शिकलो मी. त्याला तेच देऊन राह्यलो. लाखात एकाला मिळत न्हाई."

मला ते ऐकवलं नाही. मी म्हणालो, "तू रोज संध्याकाळी रडत घरी जायचास. तुमच्या या जिन्यात बसून रडायचास. मी शेजारी बसायचो."

"मी? बिलकुल न्हाई."

"रोज."

"तू दुसऱ्या कुणाचं सांगतोस."

मी दुसऱ्या कुणाचं सांगत नव्हतो, असं मला तेव्हा वाटलं. पण तू इतक्या खात्रीनं नाही म्हणालास की रात्री मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. तो जिना, तू मांडीत डोकं घातलेलं, आत कुणीतरी निवडत असलेले गहू. मला ते आजही दिसतं. मी ते रचलं असेल का? की तू खरंच विसरलास, आणि रडणं गळून जाऊन तुझ्यापाशी नुसता खेळ उरला? त्या गल्लीत तेव्हा खेळणाऱ्यांतले आपण दोघंच जालन्यात राहिलो होतो. तुझे थोरले भाऊ तेव्हा शिकायला बाहेरगावी होते. आता या एका गोष्टीचा निकाल लावणारं कुणी नाही. आणि भानुदासचा सगळा प्रश्न याच गोष्टीवर उभा होता: बाहेर ठेवलेलं पोर शिकतं की नुसतं रडतं.

त्या दिवशीचं शेवटचं बोलणं मात्र मला शब्दाशब्दानं आठवतं, त्यात चूक नाही.

"दत्तू, तुला एवढी जल्दी कशाची हाये?"

"मला कशाची? सामने यंदा आहेत म्हणून."

"पुढल्या वर्षीबी हाइत."

"पुढच्या वर्षाचं कुणी बघितलंय?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. तू माझ्याकडे बघितलंस, मग उशीवरच्या स्वतःच्या पायांकडे. 

"म्हणूनच," तू म्हणालास. "मला जल्दी हाये म्हणून त्याला पळवायचं? यंदा उतरवला तर मी माझ्यासाठी उतरवला असं होईल. तसं मला न्हाई करायचं."

म्हणजे तुला माहीत होतं. करमाडच्या आधीपासून माहीत होतं. मी व्हरांड्यातून आत आलो तेव्हाच बहुधा तू माझं तोंड वाचलंस. तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी थंड झालेला चहा प्यालो, आणि तू विचारलंस, गठाणींचा भाव कसा चाललाय. मी भाव सांगितला. तू "बराबर, बराबर" करत ऐकलंस. दुसऱ्या दिवशी मी भानुदासला बसवायच्या कागदावर सही करून तो पाठवून दिला.

पुढचे दिवस तू खुर्ची टाकून बसायचास. शिट्टी फुंकायला दम पुरेना म्हणून टाळ्या वाजवायचास, नंतर टाळ्याही हळू व्हायला लागल्या आणि पोरं तुझ्या हाताकडे बघत खेळायला शिकली. भानुदासला तू रोज पहिल्या पाचांच्या विरुद्ध उभा करायचास. तो आधी फुगून खेळायचा. मग एके दिवशी त्यानं डाव्या हातानं चेंडू टाकायचा प्रयत्न केला, चुकला, पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. सामन्यात उतरणारा पोरगा असं करत नाही. त्याला गुण घालवायची भीती असते. मी ते बघितलं, आणि तुझं म्हणणं त्यात थोडं दिसतं आहे हेही मला कळलं. पण खुर्चीत बसलेला तूही मला दिसत होतास. शाल दोन्ही खांद्यांवरून घेतलेली, ओठ निळसर. मी मनात म्हणत होतो, एक सामना. एकच उतरव. बघून घे. वर्ष गेलं तर गेलं.

शेवटचा भेटलो तेव्हा तुला तीन तक्क्यांना टेकवून बसवलं होतं. आडवं झालं की श्वास अडकायचा. मी तक्क्यांशेजारी बसलो. तूच विचारलंस.

"भान्याचा गुडघा?"

"बरा आहे."

"दाबून बघितला?"

"नाही."

"मंग बरा कशावरून म्हणतोस? आन म्हणे हिशोबाचा माणूस." तू हसायला बघितलंस, त्याचा खोकला झाला, आणि भाभींनी मला डोळ्यांनी उठायला सांगितलं. आपलं बोलणं तिथं संपलं. सकाळी भानुदास झोपेत असताना गुडघा दाबून बघावा म्हणून मी त्याच्या अंथरुणापाशी गेलो, तेवढ्यात तुमच्याकडून तू गेल्याचा निरोप आला.

काल कॉलेजचे इंग्रजीचे प्राध्यापक, ज्यांच्याकडे सध्या संघाचं काम दिलं आहे, आणि हबीब माझ्या घरी आले. रविवारी औरंगाबादशी सामना आहे. आधी हबीब बोलला. रिंगला लिंबू बांधणारा तोच पोरगा, डोळे सुजलेले. "मामा, भानू कू उतारने देव. मास्तर के नाम पे खेलते हम." प्राध्यापक म्हणाले, दिवंगत मास्तरांना यापेक्षा मोठी आदरांजली कोणती असू शकते? तुमची हरकत नसेल तर आजच नाव पाठवतो.

भानुदास आतल्या दारात उभा होता. चौकटीला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून. मी त्याला खाली बसायला सांगितलं, पायजमा वर केला आणि वाटीखाली अंगठ्यानं दाबलं. आवाज केला नाही त्यानं. पण मांडी सगळी ताठली आणि डोळ्यांत पाणी आलं. तुला हवं होतं ते उत्तर हे, गुलाब. बरा नाही.

"दुखतंच थोडं," तो म्हणाला. "मामा, तुम्हीच म्हणत होते ना उतरवा म्हणून? मास्तरांशी भांडले तुम्ही त्याच्यापायी."

"भांडलो."

"मंग?"

तुझ्यापुढे जे तोंडातून निघालं नाही, ते मी दोन माणसांदेखत त्या पोराला सांगितलं. "त्यांना बघायला मिळावं म्हणून म्हणत होतो. त्यांच्यापाशी पुढचं वर्ष नव्हतं. आता बघणारा गेला. आता नुसता तुझा गुडघा उरला, आणि तो असा आहे."

 भानुदासनं पायजमा खाली केला.

"मास्तरांना ठाऊक होतं? त्यांच्यापाशी वर्ष न्हाई म्हणून?"

"होतं."

"तरी बसवलं मला?"

"तरी बसवलं."

प्राध्यापक आणखी थोडं बोलले, मग उठले. जाताना दारात म्हणाले, तुम्ही फार व्यवहारी आहात. तसं असेल. रविवारी आपण हरणार, आणि मोठ्या फरकानं हरणार. ते कळायला गुण मांडणारा माणूस लागत नाही. गावात बोलणार की मामानंच खेळू दिलं नाही, मास्तरांची राख थंड व्हायच्या आत.

ते गेल्यावर भानुदास तिथंच बसून होता. मला वाटलं, रडेल, नाहीतर पेटी बांधायला घेईल. त्यानं शांतपणे विचारलं, "पुढल्या वर्षी मला कोण उतरवणार?"

मी त्याच्यासमोर खाली बसलो.

"मास्तर म्हणले होते, पुढल्या वर्षी तू पहिला. आता दुसरा कोणी येईल. त्याला मी ठाऊक बी नसंल. हे सर तर आज नाराज होऊनच गेले. मंग हे वर्ष ठेवून मी काय करू?"

गुलाब, आपल्या सगळ्या वादात हा प्रश्न एकदाही निघाला नाही. माझ्या बेरजेत तो नव्हता आणि तुझ्याही नव्हता. तू त्याच्यासाठी एक वर्ष राखून ठेवलंस, पण ते त्याच्या हातात कोण देणार हे सांगून गेला नाहीस. मला तुझा एवढा राग आला की तू समोर असतास तर मी तुला तुझ्या पायांची सूज न बघता बोललो असतो.

"मी उतरवीन," मी म्हणालो.

"तुम्ही? नक्की?"

"बिलकुल."

ज्या गोष्टीचा हिशोब आपल्या हातात नाही तिला मी आजवर नक्की म्हटलेलं नाही. काल म्हणून बसलो. अजूनही मला वाटतं, तू चुकलास. एकदा तरी त्याला उतरवून तू बघायला हवं होतंस. पण आता ते बोलून उपयोग नाही. पोरानं माझ्या शब्दावर रविवारी कडेला बसायचं कबूल केलं आहे, आणि मला साधा चेंडूसुद्धा जमिनीवर नीट आपटता येत नाही.